मठाच्या गाडीची चेन

“आणि मी तिला भेटलो, तर सोडलेलं पुन्हा हातात धरल्यासारखं होणार नाही का?”

बुवा मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी वाकून काहीतरी बघत होते.

“बुवा, मी आपणांस विचारतो आहे.”

“ऐकतुय की,” बुवा म्हणाले. “ही जरा डबल स्टँडवर घे. माझ्यानं उचलायची न्हाय.”

उमाकांतने गाडी डबल स्टँडवर घेतली. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. बुवांनी ते हाताने फिरवलं आणि चेन खडखड करत कव्हरवर आपटायला लागली.

“बघ,” बुवा म्हणाले. “कालपास्नं अशीच बोंबलतीया.”

येरळा नदीच्या काठाला, डांबरी रस्त्यापासून चांगलं आत, केरबाबुवांचा मठ होता. मठ म्हणजे तरी काय, एक समाधी, तिच्यावर पत्रा, शेजारी दोन खोल्या, अंगणात चिंचेचं झाड आणि कुणा भक्ताने कधीकाळी आणून सोडलेली ही मोटारसायकल. तिच्यावर बसून बुवा गावोगाव हिंडायचे. कुणाकडे भजन असायचं, कुणाच्या भावकीत वाद असायचा, कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असायचं. अलीकडे गुडघे धरायला लागले, तेव्हापासून गाडी उमाकांत चालवायचा आणि बुवा मागे बसायचे.

उमाकांत हे त्याचं घरचं नाव. मठात आल्यावर त्याने विरक्तानंद असं नाव घेतलं होतं. घेतलं म्हणजे काय, स्वतःच शोधून काढलं होतं. बुवांना ते काही झेपलं नाही. समोरचे दात गेल्यापासून जोडाक्षरं त्यांच्या तोंडातून निसटायची. ते आपले उमाच म्हणायचे, आणि त्याला ते फार लागायचं.

माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त कडक होता, आणि त्या कडकपणाचा त्याला आतून अभिमान होता. आमटीत मीठ घ्यायचा नाही. थंडीतही उघड्या फरशीवर झोपायचा. बोलायचा तर असा, की समोर पोथी धरून वाचतोय असं ऐकणाऱ्याला वाटावं. यातलं काहीही बुवांनी त्याला करायला सांगितलेलं नव्हतं. बुवा स्वतः दुपारी घोंगडी अंथरून छान घोरायचे.

आज सकाळी त्याची आई आली होती.

फाट्यावर एसटीतून उतरून, उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेल्या धुळीतून ती एकटी चालत आली होती. ती चिंचेखाली बसून होती. उमाकांतने तिला बघितलं नव्हतं. तो खोलीत होता, बाहेर कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला कुणाचा हे त्याला तिथल्या तिथे कळलं. तो उठला आणि समाधीच्या मागे जाऊन बसला. चहा शेवटी बुवांनीच करून नेला.

“काय म्हणाली?” नंतर त्याने विचारलं होतं.

“म्हणाली, बोलायचं काय न्हाय. बघून जाते.”

“मी भेटणार नाही, हे आपण तिला सांगितलंत ना?”

“मी कशाला सांगू? दुपारच्या गाडीनं जाणार हाय ती. तवर बसंल.”

मठात आल्यापासून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात वडील वारले, तेव्हाही तो गेला नव्हता. निरोप घेऊन आलेल्या चुलत्याला त्याने हात जोडले, नदीवर जाऊन अंघोळ केली आणि पुन्हा जपाला बसला. आसपासच्या गावांत त्याचं केवढं कौतुक झालं. लोक मुद्दाम त्याच्या पाया पडायला यायला लागले.

बुवा त्या दिवशी जेवले नव्हते.

आता ही बाई एवढ्या लांबून आली होती. आज ती तशीच गेली, तर पुन्हा येणार नव्हती. हे बुवांना माहीत होतं, आणि उमाकांतलाही माहीत होतं. म्हणूनच तो मघापासून एकच प्रश्न उलटसुलट करून विचारत होता.

“चालत आलीया,” बुवा म्हणाले. “जाताना तरी गाडीवरनं फाट्यावर सोडाय पायजे. पैली ही चेन धू. मग कुणी सोडायचं ते बघू.”

“मी सोडणार नाही, बुवा.”

“मी म्हणलो का तू सोड? चेन धू.”

खोल्यांच्या मागे, भिंतीच्या आडोशाला ते दोघं होते. भिंतीच्या पलीकडे चिंच होती. बुवा एका पालथ्या डब्यावर बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

उमाकांतने चाकाखाली पोतं अंथरलं. पत्र्याच्या थाळीत रॉकेल घेतलं. दात घासायचा झिजलेला ब्रश त्यात बुडवला, गाडी न्यूट्रलला आहे ना ते बघितलं आणि कामाला लागला. एका हाताने चाक हळूहळू मागे फिरवायचं, दुसऱ्या हाताने कडी न् कडी घासायची. कामचुकार तो कधीच नव्हता. कुठलंही काम अंगावर घेतलं, की त्याचा फडशा पाडायचा.

ऊसतोड ऐन भरात होती. ट्रॅक्टरांनी सगळे रस्ते दळून ठेवले होते. ते पीठ जुन्या ऑइलमध्ये मळून चेनवर जाड थर बसला होता. ब्रश लागला, की काळा रबडा थाळीत गळायचा.

“केवढी ही घाण,” उमाकांत म्हणाला.

“घाण कशानं? रस्ताच हाय त्यो. जेवढी फिरली तेवढा बसला.”

उमाकांत घासत राहिला. थाळीतलं रॉकेल काळं झालं, ते ओतून त्याने नवं घेतलं. तेही काळं झालं. फडकं काळं, नखं काळी, मनगटापर्यंत हात काळे. आणि हळूहळू चेन उजळायला लागली. कड्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचता येईल, इतकी लख्ख झाली. शेवटी कोरड्या फडक्याने त्याने ती पुसली आणि मागे सरून तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं.

“झालं, बुवा.”

“त्याल?”

“तेल नको.”

बुवांनी भुवया वर केल्या.

“मी विचार केला आहे,” उमाकांत म्हणाला. “धूळ चिकटते ती तेलाला. तेल नसेल, तर धुळीला धरायला काही उरणार नाही. मूळ कारणच नाहीसं केलं, की घाण साचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.”

आपलं वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं होतं, हे लांबूनही कळलं असतं.

“आसं व्हय,” बुवा म्हणाले. “हे मला एवढ्या वर्सांत सुचलं न्हाय बघ. फिरव बरं चाक.”

उमाकांतने चाक फिरवलं. चेन चालली, आणि प्रत्येक कडी वळताना बारीक आवाज यायला लागला. किर्र. किर्र. किर्र. अंगावर काटा येईल असा तो आवाज होता.

“काय म्हणतीया?”

“किरकिरते आहे.”

“आन् मघाशी काळी हुती तवा?”

“तेव्हा... तेव्हा किरकिरत नव्हती. नुसती खडखडत होती.”

“हं,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी चंची सोडून पान शोधायला सुरुवात केली.

चाक आपोआप मंद होत होतं. किर्र... किर्र... आणि ते थांबता थांबता भिंतीच्या पलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, दबलेला, पदर तोंडाशी धरलेला. कुणाला त्रास नको म्हणून आवरून धरलेला.

उमाकांत तसाच बसून राहिला. त्याचा हात चाकावरच होता.

“बुवा...”

“बोल.”

“मला भीती वाटते.”

हे वाक्य काही पोथीतलं नव्हतं. बुवांनी पान बाजूला ठेवलं.

“कशाची?”

“ती रडेल.”

“रडंल की. आई हाय.”

“ती रडली तर मी टिकणार नाही.” उमाकांतचा आवाज एकदम खाली आला. “हे एवढं सगळं जमवलेलं एका क्षणात वाहून जाईल. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, केवढं हे वैराग्य. पण बुवा, वैराग्य नव्हतं हो ते. दारात आई बसलेली असेल, ती मान वर करेल, माझ्याकडे बघेल... तेवढं बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी गेलो नाही. आणि मग लोक पाया पडायला लागले... आणि मी पडू दिलं.”

खरं तर बुवांना हे सगळं त्याच दिवशी कळलेलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आपण आधी बोलायचं नाही, अशी त्यांची रीत होती. ते डब्यावरून कण्हत उठले, कोनाड्यातून खोबरेल तेलाची एक जुनी बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. बाटलीत गाडीचं नव्वद नंबरचं ऑइल होतं, काकवीसारखं घट्ट.

“घाल.”

उमाकांतने मुकाट्याने बाटली तिरपी केली.

“वरनं नगं. आतल्या अंगानं. हां... एकेका सांध्यावर एकेक थेंब. चाक सावकाश फिरव. पळत्यात का कुटं कड्या?”

थेंब पडत राहिले. उमाकांतला घाई करायची सवय होती. जप असो, झाडलोट असो, त्याला सगळं लवकर पार पाडायचं असायचं. पण हे ऑइल लवकर पडतच नव्हतं. बाटलीच्या तोंडाशी येऊन लोंबकळायचं, मनात आलं की सुटायचं. दोघंही त्या थेंबाकडे बघत बसले.

सगळ्या कड्या झाल्यावर तो फडकं घ्यायला लागला.

“थांब. त्येला आत जाऊ दे.”

ते थांबले. नदीवरून गार वारा येत होता. लांब कुठेतरी ट्रॅक्टरवर गाणं लावलेलं होतं, आणि त्याच्या खाली मधूनमधून तो खोकला होता.

“आता पूस.”

“एवढं घातलेलं पुसून टाकू?”

“व्हय.”

“मग घातलं कशाला?”

“बाहीरचं पूस. आत गेलंय ते काय तुज्या फडक्याला घावायचं न्हाय.”

उमाकांतने पुसलं. फडक्यावर ऑइलचे डाग उमटत गेले, मग कमी होत गेले, मग उमटेनासे झाले. चेन पुन्हा पहिल्यासारखी दिसायला लागली. त्याने चाक फिरवलं. कुठला आवाज नाही. वर्षानुवर्षं माहीत असलेल्या वाटेवरून माणूस निघावा, तशी चेन गुपचूप चालली होती.

फडक्याच्या कोरड्या टोकाला बोट पुसून त्याने ते चेनला लावून बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

“बाहेरून तर कोरडीच दिसते,” तो म्हणाला.

“दिसू दे की. कुणाला दाखवायचीया?”

उमाकांत त्या चेनकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं होतं. पण एवढ्या वर्षांचा गंज असा एका बाटलीत निघत नाही. उलट आपण मघाशी चुकलो, हे त्याला आता टोचायला लागलं. राहिलेलं काम तरी बुवांना नावं ठेवायला जागा उरणार नाही असं करून दाखवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

“आता ताण बघ,” बुवा म्हणाले. “लई झोल पडलाय तिला. म्हणून तर खडखडती.”

त्याने पाना घेतला. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे आवळत गेला. चेनचा झोल कमी होत गेला. बास झालं असतं, तिथे तो थांबला नाही. आणखी आवळलं. मग आणखी थोडं. शेवटी चेन कपडे वाळत घालायच्या तारेसारखी सरळ झाली, तेव्हा कुठे त्याने नट घट्ट करून पाना खाली ठेवला.

बुवांना सगळं दिसत होतं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. ही त्यांची जुनी खोड. समोरचा माणूस चुकायला लागला, की ते आणखी ऐसपैस बसायचे.

“कशी केलीस?”

“जराही ढिलाई ठेवली नाही. बघा.” उमाकांतने चेन अंगठ्याने दाबून दाखवली. ती हलली नाही.

“चाक फिरतंय?”

“फिरतं आहे की.” त्याने फिरवलं. अधांतरी असलेलं चाक गरगर फिरलं.

“झ्याक,” बुवा म्हणाले. “आता स्टँडवरनं काढ.”

गाडी खाली आली. बुवांनी धोतर सावरलं, एका हाताने उमाकांतच्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढच्या सीटवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकवले, हँडल धरलं आणि भिंतीकडे मान करून मोठ्याने हाक मारली,

“आक्का, जरा इकडं या! काम हाय तुमच्याकडं!”

“बुवा!” उमाकांत ताडकन उभा राहिला.

“आरडू नगंस. चेन बघायचीया. मोकळ्या गाडीची बघून भागत न्हाय, वर माणसं बसाय लागत्यात. मी एकटा लई हालका झालोय आता. तू खाली बस आन् बोट लाव.”

उमाकांतच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला गाडी, आणि मधल्या वाटेने आई येत होती. पळायला जागाच नव्हती. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने मान खाली घातली.

तीही मान खालीच घालून आली. साधू झालेल्या माणसाकडे घरच्यांनी बघितलेलं चालत नाही, असं तिला गावात कुणीतरी सांगितलं होतं. बघून जाते म्हणून आलेली बाई, आता तो हाताच्या अंतरावर होता, तर बघत नव्हती.

“काय करू, महाराज?” तिने बुवांना विचारलं.

“मागं बसा.”

“मी? कुटं जायाचंय?”

“कुटं न्हाय. नुसतं बसायचं. गाडीवर बसल्याली हायसा का कवा?”

“हाय की. ह्येंची लुना हुती न्हवं. बाजारला जाताना...” ती पुढचं बोलली नाही.

तिने चपला काढल्या. देवळात शिरताना काढाव्यात तशा, एका कडेला नीट लावून ठेवल्या. मग पदर खोचला, बुवांच्या खांद्याला हात न लावता सीटच्या मागच्या दांडीला धरलं आणि बायका बसतात तशी एका अंगाने बसली. गाडी मागून जराशी खाली गेली. आणि तिचे दोन्ही पाय पायरीवर आले, चेनच्या बरोबर वर, उमाकांतच्या तोंडासमोर.

तोंड बघायचं नाही म्हणून त्याने मान खाली घातली होती. आता ते पाय त्याला बघावे लागले.

टाचा भेगाळलेल्या होत्या. घोट्यापर्यंत फाट्यावरची धूळ होती. आणि पायाच्या बोटांवर, जिथे जन्मभर जोडवी होती, तिथे फिकट, गुळगुळीत पट्टे उरले होते.

वडील गेले, हे त्याला निरोपातून कळलं होतं. त्याने ते ऐकलं होतं, त्यावर अंघोळ केली होती, त्यावर जप केला होता. ते त्याला आज दिसलं.

“बोट लाव,” बुवा म्हणाले.

त्याने बोट लावलं. दोघांच्या वजनाने आणखी ताणून चेन लोखंडाच्या सळीसारखी ताठ झाली होती.

“काय?”

“...हलत नाही.”

“थांब हां.” बुवांनी दोन्ही पायांनी रेटून गाडी थोडी पुढे घेतली. जेमतेम हातभर. मागून करकर असा आवाज आला, दुखणाईत माणसाने कूस बदलताना कण्हावं तसा, आणि गाडी अडली.

“अगं बाई!” आई दचकली. “माज्या वजनानं झालं काय वो? उतरते मी. मोडून बिडून जायाची मठाची गाडी. उतरते.”

“बसा,” बुवा म्हणाले.

“न्हाय, मी बसाय नगं हुतं...”

“आक्का, बसा.”

ती बसली. अंग चोरून बसली, जणू तेवढ्याने वजन कमी होणार होतं.

उमाकांत बोट चेनवर ठेवून तसाच होता. त्याला चेन दिसत नव्हती. डोळे भरून आले होते, आणि पुसायचे तर दोन्ही हात काळे होते.

मग आई बुवांच्या पाठीकडे बघत, अगदी हळू म्हणाली,

“महाराज... ह्येच्या डोक्याव हात ठिवल्याला चालंल का?”

बुवा समोर बघत होते. रस्ता बघावा तसे.

“न्हाय, चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या,” ती घाईने म्हणाली. “मी आपलं इचारलं.”

बुवांनी मान वळवली नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. परवानगी द्यायची ती जागा त्यांची नव्हती.

उमाकांत गुडघ्यांवर पुढे सरकला. काळे हात त्याने पाठीमागे धरले, तिच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून, आणि कपाळ तिच्या गुडघ्याला टेकवलं.

“आई,” तो म्हणाला.

एवढंच.

तिचा हात आधी अधांतरीच राहिला. मग तो त्याच्या डोक्यावर आला. खरखरीत हात होता तो, खुरप्याने घट्टे पडलेला. केसांतून फिरत फिरत मानेपर्यंत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा गेला. ती रडली. तोही रडला, लहान पोर रडतं तसा, नाक ओढत, लाजलज्जा सोडून. ज्याच्या भीतीने त्याने एवढी वर्षं दार लावून घेतलं होतं, ते सगळं होऊन गेलं. नदीवरून वारा येत होता. पत्र्यावर कावळा चालत होता. बुवा हँडल धरून बसले होते.

“किती कोरडं केलंयस रं डोकं,” आई म्हणाली. “त्याल लावत न्हाईस व्हय?”

तो मान हलवत राहिला. हो की नाही, ते काही कळत नव्हतं.

“ह्ये जाताना लई हाका मारत हुतं तुला,” ती म्हणाली. “मी म्हणलं, येतुय, वाटंत हाय. मग गप पडलं.”

उमाकांतने तिच्या गुडघ्यात तोंड खुपसलं. तिने हात थांबवला नाही. त्यात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. हे सांगायलाच ती आली होती का, का हे आत्ता तिच्या तोंडून निघालं, कुणास ठाऊक. दोघांमध्ये ते आता होतं, आणि दोघंही ते धरून होते.

पुष्कळ वेळाने त्याने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. ती म्हातारी झाली होती. तिनेही बघितलं, आता कुणाला न विचारता.

मग त्याने दंडाने डोळे पुसले, मातीत पडलेला पाना उचलला आणि मागच्या नटाला लावला. लावून तसाच थांबला.

“बुवा...”

“हं?”

“किती ढिली ठिवू?”

बुवांनी मागे वळून बघितलं नाही.

“आई बसल्याव चाक फिरंल, एवढी.”